भरताच्या वांग्याची गाडी

आमच्या पाचोऱ्यात गाडी घ्यायची म्हणजे पांढरीच. विचारलं तर सांगतात, ऊन कमी लागतं आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं. अरे, पण गाडी घेता ती काय विकायला? माझ्या नवऱ्याचीही पांढरीच. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, स्वतःच्या पगारातून एक जुनी, छोटी गाडी घेतली आणि पेंटरला म्हटलं, "पोपटी." त्याने तीनदा विचारलं, "मॅडम, नक्की?"

आरटीओत रंग बदलल्याची नोंद करून गाडी दारात आणली, तर शेजारीण म्हणाली, "अगंबाई, भरताचं वांगं!" आमच्याकडे भरताची वांगी हिरवीच असतात, अंगावर पांढऱ्या रेघा. दोन दिवसांत गल्लीभर तेच नाव झालं. माझं एकदा डोकं फिरलं की मी माघार घेत नाही. गाडी तशीच पेंटरकडे नेली आणि टपापासून बॉनेटपर्यंत पांढऱ्या रेघा मारून आणल्या. म्हणा आता वांगं, तोंड भरून म्हणा!

सासरे, म्हणजे आबा, ओट्यावरून उठून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "हाई गाडी शे का वांगं? बठ्ठा गाव हसी राह्यना," म्हणाले, आणि या गाडीत आपण पाय ठेवणार नाही असं जाहीर करून टाकलं. गल्ली हसली त्याचं मला काही नव्हतं, पण हे लागलं. वीस वर्षं ज्यांना गरम भाकरी वाढली, त्यांनी माझ्या गाडीत एकदा तरी बसावं, एवढंच मला हवं होतं.

मग भडगावला नात्यातलं लग्न निघालं. आबा मुलाच्या गाडीत, मी माझ्या गाडीत एकटी. मंगल कार्यालयामागचं अख्खं वावर गाड्यांनी भरलेलं, आणि झाडून सगळ्या पांढऱ्या. माझी तेवढी कोपऱ्यात उठून दिसत होती.

जेवण झाल्यावर आबा जरा आडवं व्हायला गाडीकडे गेले. एका गाडीचं दार उघडं दिसलं, आत शिरले आणि झोपले. थोड्या वेळाने सावद्याहून लग्नाला आलेली मंडळी निघायला आली, तर त्यांच्या मागच्या सीटवर हे घोरताहेत! उठवून विचारलं, "आबा, तुमची गाडी कोणती?"

"पांढरी."

नंबर ठाऊक नाही, मोबाईल घरी. शेवटी कुणीतरी माइकवरून पुकारलं, "पांढऱ्या गाडीचे मालक बाहेर या, तुमचे आबा इथे आहेत." अर्धा मांडव उठला. पांढरी गाडी आणि आबा तर घरोघरी. नवरा धावला, त्याच्यामागे मीही हसत हसत निघाले.

बाहेर घोळक्यात आबा नव्हतेच. ते थेट कोपऱ्यात जाऊन माझ्या गाडीपाशी उभे होते. बॉनेटवर थाप मारून सावद्याच्या माणसांना ठणकावून सांगत होते, "हाई मनी सूननी गाडी शे. बठ्ठास्मा एकच शे!"

सुनेची गाडी, सगळ्यांत एकच! मला हसू आलं आणि रडूही. इतका आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता. कुलूप उघडताच आबा मागे नाही, पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. नवरा त्याच्या गाडीचं दार उघडून त्यांची वाट बघत उभा होता.

"तो येई मांगून," आबा म्हणाले आणि सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी काच पूर्ण खाली केली. मी गेटपर्यंत गाडी मुद्दाम हळू चालवली.