कथलाचा उजेड

अकोल्याकडच्या मालेगावात स्टीलची भांडी आली आणि मेहबूब कल्हईवाल्याचा भाता हळूहळू थंड पडला. आधी लग्नाच्या आंदणात एखादा डबा दिसायचा. मग ताटं आली, मग तांबे, मग घागरीसुद्धा. स्टीलला कल्हई लागत नाही. लोकांनी पितळेची पातेली मोडीत घातली. मेहबूब सायकलला भाता बांधून गावोगाव हिंडत राहिला. त्याची हाक ऐकून बाया पूर्वीसारख्याच दारात येत. पण आता त्यांच्या हातात भांडं नसे. तब्येत विचारत, पाणी देत आणि आत जात.

कल्हई कशी उतरली हे पाहायची त्याची एकच रीत होती. भांडं गार झालं की तो ते तोंडासमोर धरी. नाक, डोळे, दाढीचे खुंट स्वच्छ दिसले की काम झालं. त्याच्या बापाची हीच रीत होती. आजाचीही.

गोविंदा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बौद्धवाड्यात राहायचा. लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जीप त्यानं घेतली होती आणि जऊळका स्टेशनचे पाशिंजर तो मालेगावात आणून सोडायचा. एक दिवस तो जीपचा दिवाच उपसून घेऊन आला. काचेमागची वाटी काढली आणि मेहबूबपुढं ठेवली. आतून ती तव्यासारखी काळी पडली होती.

"हे पाय. आंधळी झाली. आतली चांदी उडाली."

"मंग मी काय करू? मी काय डोयाचा डाक्टर हाय?"

"कल्हई कर."

"येडा झाला का तू? हे काय वरनाचं पातेलं हाय?"

"पितळच हाय ना? नवी वाटी अकोल्यातबी भेटून नाही राह्यली. कर ना लेका, तुह्या बापाचं काय जाते?"

मेहबूब हसला. त्यानं वाटी चिंचेच्या पाण्यानं आणि वाळूनं घासली. निखाऱ्यावर धरली. नवसागर टाकला तसा पांढरा धूर उठला. मग कथील टेकवलं आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवलं. वाटी पांढरीशुभ्र झाली. गार झाल्यावर त्यानं ती तोंडासमोर धरली, नीट पाहिली आणि गोविंदाच्या हातात दिली.

"घे. दाढी करून घे याच्यात."

"अरे बाप्पा! आता माही जीप दिवसाबी चांदनं पाडन."

दुसऱ्या दिव्याची वाटीही गोविंदानं तशीच करून नेली. ही गोष्ट जीपस्टँडवर पसरली. रामसिंग आपल्या वाट्या घेऊन आला. मग स्टँडवरचा आणखी एक जण आला. कामरगावच्या इंद्रभाननं एक जोड करून नेला. मेहबूबच्या दारात पुन्हा धूर दिसू लागला. त्याची बायको अन्वरी शेजारणींना सांगू लागली की आता आमच्याकडं मोटारी येतात. मेहबूब चारचौघांत थोडा ताठ चालू लागला. कुणी म्हणालं की स्टीलनं तुमचा धंदा बसवला, तर तो म्हणायचा, "बसला त बसला. आता मोटारले कल्हई करून राह्यलो ना!"

त्याला सायकल माहीत होती. अंधारात मोटारीत तो कधी बसला नव्हता. त्याचं काम उन्हातलं. दिवस कलला की तो घरी. दिवा लावल्यावर रस्ता कुठवर दिसतो, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारावं असं त्याला सुचलंही नाही. गोविंदा दारावरून जाताना हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "फस्टक्लास!" मेहबूबला तेवढं पुरे होतं.

माघात एकदा जऊळक्याला आगगाडी फार उशिरा आली. एकही पाशिंजर उतरला नाही. गोविंदा एकटाच रिकामी जीप घेऊन निघाला. तोवर अंधार पडला होता. पुलाच्या तोंडाशी रस्त्यात पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती. गाडीवान जू सारखं करत होता. त्यानं नंतर सांगितलं की जीप बेताच्याच वेगात होती, पण अगदी जवळ येईपर्यंत वळली नाही. मग एकदम वळली आणि पुलाखाली गेली.

गोविंदा गेला.

मयताला मेहबूब होता. खांदाही दिला. त्याच्या मनात तेव्हा काहीच आलं नाही. रडू मात्र आलं. जलदानाचा विधी झाल्यावर तो गोविंदाच्या घरी बसायला गेला. जीप ओढून आणून घरासमोरच्या मोकळ्या जागेत, वीसेक पावलांवरच्या बाभळीकडं तोंड करून ठेवली होती. तिची एक बाजू चेपली होती. गोविंदाची बायको रुख्मिणी ओट्यावर बसली होती. ती आपणहूनच बोलू लागली.

"रोज दिवस बुडायच्या आत घरी येत. त्या दिवशी आगगाडीनं उशीर करून घात केला, भाऊ."

"दिवस बुडायच्या आत? काहून?"

रुख्मिणी पदरानं ओटा पुसू लागली. मेहबूबनं पुन्हा विचारलं.

"अंधारात दिसत नोतं ना," ती म्हणाली. "अकोल्यात नव्या वाट्या आल्या होत्या. मी म्हटलं, घेऊन या. त यायनं नाही आनल्या. म्हनाले, मेहबूबनं केलेल्या काढल्या त त्याले वाईट वाटन. आपन हळू चालवू. उजेडातच चालवू."

मेहबूब उठला. जीपकडं गेला. दिवस मावळला होता. चेपलेल्या बाजूचा दिवा फुटला होता, दुसरा शाबूत होता. त्यानं दिव्याचं बटन ओढलं. दिवा लागला. बॉनेटपुढं पीठ सांडावं तसा पांढरा उजेड पसरला. तिथली मातीसुद्धा दिसत होती. पण त्यापुढं काही नाही. चांदीची वाटी उजेड लांब फेकते. बोळ्यानं फिरवलेलं कथील तो आजूबाजूला सांडून टाकतं. हे मेहबूबला कुणी सांगितलं नाही. ते त्याच्या डोळ्यांपुढंच होतं.

रुख्मिणी आता ओट्यावर नव्हती. "वहिनी," त्यानं हाक मारली, "तुमी कुठं हाय?"

"इथंच हाय, भाऊ. तुमच्या समोर. बाभळीपाशी."

त्याला बाभूळही दिसली नाही.

घरी आल्यावर त्यानं अन्वरीला सगळं सांगितलं. उद्या स्टँडवर जाऊन सांगतो, म्हणाला. अन्वरी भाकरी थापता थापता थांबली.

"किसने बोला तुमको कुछ? गाँव में एक आदमी नै बोला. उसकी औरत बी नै बोली."

"वो मेरे वास्ते चुप था, अन्वरी. और मर गया."

"फिर काम कौन देगा तुमको?"

भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारभर तो घराबाहेर पडला नाही. उन्हं उतरल्यावर पेचकस आणि हातोडी पिशवीत टाकून तो स्टँडवर गेला. रामसिंग जीपला टेकून चहा पीत होता.

"ये मोटारवाले हकीम! कोनाची नाडी पाहाले आला?"

"तुह्या दिव्याच्या वाट्या काढाच्या हायेत."

"काहून? पुन्हा चमकवतं का?"

"त्या चांगल्या नाहीत. दूरचं दिसत नाही त्यायनं. गोविंदाले त्याच्यानंच दिसलं नाही."

आजूबाजूचे ड्रायव्हर जवळ आले. रामसिंगनं कप खाली ठेवला.

"दिसते तर कमीच," तो म्हणाला. "पन मले वाटलं, माही बॅटरीच म्हातारी झाली. अरे, जे झालं ते झालं. एवढं मनाले लावून घेऊ नको."

मेहबूब जीपसमोर उकिडवा बसला. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसेना. रामसिंगनं हात पुढं केला, पण मेहबूबनं पेचकस दिला नाही. एक वाटी निघाली, मग दुसरी. त्यानं दोन्ही दगडावर ठेवल्या आणि हातोडीनं चेपून टाकल्या.

"अरे थांब! नवी येईपर्यंत तरी ठेवाच्या होत्या!" रामसिंग ओरडला.

"नाही."

स्टँडवर आणखी एका जीपला त्याच्या वाट्या होत्या. त्याही त्यानं काढल्या आणि चेपल्या. तो ड्रायव्हर शिव्या देत राहिला. मेहबूबनं मान वर केली नाही. मग पिशवी उचलून तो रामसिंगपाशी आला.

"कामरगावची यष्टी कवा हाय? इंद्रभानपाशी एक जोड हाय. तो तर रातचाच चालवते."

"ते तर आताच गेली. आता सकाळशिवाय नाही."

मेहबूब रस्त्याकडं पाहत उभा राहिला. दिवस बुडायला आला होता.

"चाल, मी सोडतो तुले," असं म्हणून रामसिंग चावी घेऊन जीपकडं वळला. दिव्यांच्या जागी दोन भोकं होती. तो तिथंच थांबला.