आक्कांचा वरचा मजला

कुठलंही टेबल, खुर्ची, पलंग दिसला की आक्का आधी त्याला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायच्या. दुकानदार हां हां म्हणेपर्यंत निकाल लागलेला असायचा. “डुगडुगतंय,” एवढंच म्हणून त्या पुढच्या वस्तूकडे वळायच्या. निगडीच्या एका चकचकीत शोरूममध्ये त्यांनी काचेचं टीपॉय असंच हलवलं, तेव्हा तिथला सेल्समन हात पसरून धावत आला होता. त्याला वाटलं, काच खाली येतेय. मला वाटलं, आता हे आपल्यालाच घ्यावं लागतंय.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःला आयुष्यात खुर्ची लागली नाही, पण दुसऱ्यासाठी खुर्ची घ्यायची म्हटली की त्यांची झोप उडते.

मी चाकणच्या एका कंपनीत ॲडमिन विभागात आहे. मशिनींची नवी लाइन बसवायला परदेशातून इंजिनिअर येतात, दोन-तीन महिने राहतात आणि जातात. त्यांच्यासाठी जागा शोधणं माझ्याकडे. हॉटेलला ते कंटाळतात आणि हॉटेलची बिलं आमच्या साहेबांना पाहवत नाहीत. म्हणून मी घरं बघत हिंडायचे. तसं हिंडतानाच कंपनीमागच्या गावात आक्कांचं घर सापडलं. खाली त्या एकट्या राहायच्या. वर मुलासाठी बांधलेला मजला, नवाकोरा, रिकामा. मुलाने लग्नानंतर पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला होता.

“जाईल न्हवं ताई भाड्यानं?” पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. “न्हाई गेला तर पोरगा म्हनतोय, दिवाळीनंतर अख्खं घर गोडाऊनला देऊ. आनि तू चल सौदागरला, नवव्या मजल्यावर. तिथं मी काय करू? कुनाला हाक मारू?”

मी म्हटलं, जाईल, पण फर्निचर लागेल. कंपनी आधी एक पाहुणा पाठवून बघेल. त्याला आवडलं तर पुढचेही येतील. खर्च फार करू नका, पण घर जरा स्टायलिश दिसू दे, असं साहेबांनी सांगितलंय.

तिथून आक्कांची काळजी सुरू झाली आणि ती त्यांनी सढळ हाताने मलाही वाटली. मी बसमध्ये असताना, मीटिंगमध्ये असताना, चपात्या लाटताना त्यांचा फोन यायचा. “ताई, पडदं कुठल्या रंगाचं?” “ताई, ती मानसं उंच असत्यात, पलंगाभाईर पाय आलं तर?” एकदा नुसतंच, “काई न्हाई ताई, धडधडतंय.” मी त्यांना धीर द्यायचे आणि फोन ठेवला की माझंही धडधडायला लागायचं. जागा मीच सुचवली होती ना! “गावात? नक्की?” असं साहेबांनी भुवया चढवून विचारलंही होतं.

काही दिवसांनी निरोप आला, कोच घेतलाय, बघायला या. जिना चढून वर गेले आणि दारातच थबकले. हॉलच्या मधोमध नवरानवरीचा कोच होता. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर असतो तोच, लाल मखमलीचा, सोनेरी पाठीचा, दोन्ही हातांना दोन सिंह. जवळचं एक कार्यालय जुनं सामान काढत होतं. आक्कांनी कोच हलवून पाहिला, तो डुगडुगला नाही, आणि त्यांनी तो टेंपोत घालून आणला.

“आमच्याकडं यापरीस स्टायलिश कायबी नस्तं,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “आमदार बी याच्याम्होरं हुबा ऱ्हाऊन फोटू काढतो.”

मला हसू आवरेना. तो बिचारा दिवसभर मशिनींशी झगडून येणार आणि संध्याकाळी एकटाच नवरदेव होऊन बसणार! हसता हसता आक्कांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“चुकलं का वो?” त्या म्हणाल्या. “आता गोडाऊनच.”

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. फार वाईट वाटलं मला.

कोच खाली ओसरीत गेला आणि मी रजा टाकून आक्कांबरोबर बाहेर पडले. नवीन फर्निचर परवडत नव्हतं, म्हणून वापरलेलं बघायचं ठरवलं. तळवड्याच्या आयटीतल्या मुलांची बदली झाली की ती सगळा संसार विकायला काढतात. सामान चांगलं असतं आणि स्वस्तात जातं. पण आक्कांची एक अट होती. पलंग का विकताय, हे कळल्याशिवाय त्या त्याला हात लावायच्या नाहीत. बदली झाली, चालेल. मोठं घर घेतलं, फारच छान. पण समोरचा “असंच” म्हणाला की आक्का मुकाट्याने चपला घालायच्या.

“असंच म्हंजी भांडान,” जिन्यात मला सांगायच्या. “ज्याच्यावर नवराबायकू रुसून झोपली, त्यो पलंग पाव्हन्याला कसा द्यायचा?”

अशाने एक फार सुंदर पलंग हातचा गेला, तेव्हा मी भर रस्त्यात चिडले. “आक्का, त्या पाहुण्याला मराठीचा गंध नाही. त्याला कोण सांगायला जाणार आहे, कोण रुसलं होतं ते?”

“पाठीला कळतं,” त्या म्हणाल्या.

पाहुणा यायला आठवडाभर उरला आणि वर अजून पलंगाचा पत्ता नव्हता. परत येताना चाकणजवळ एका भंगारवाल्याच्या आवारात लाकडी खोक्यांचा ढीग दिसला. परदेशातून मशिनी येतात त्या या खोक्यांतून. फिकट, गुळगुळीत पाइनच्या फळ्या. फोनवर मी जे महागडे फोटो पाहत होते, त्यातलं फर्निचर असल्याच लाकडाचं होतं.

आक्कांनी सवयीने विचारलं, “का विकताय?”

“मशीन निकल गया मावशी,” भंगारवाला हसून म्हणाला. “अब खोके का क्या काम?”

हे कारण मात्र त्यांना पटलं.

गावातल्या सुताराने त्यातून एक लांबलचक पलंग, एक बाक आणि टेबल केलं. फळ्यांवर काळ्या शाईने छत्री, पेला, वर जाणारे बाण असे, सामान जपून न्या सांगणारे शिक्के होते. तो रंधा मारायला लागला तर आक्का आडव्या आल्या. “छत्री ऱ्हाऊ द्या. बरी दिसती.” वर पांढरे पडदे लावले, बाकावर खणाच्या उशा ठेवल्या. मजला असा काही दिसायला लागला की मलाच तिथे राहावंसं वाटलं. आक्का मात्र रोज वर जाऊन पलंग हलवून येत होत्या.

पाहुणा आला. ताडमाड आणि अबोल. पलंगावरचे शिक्के पाहून तो मोठ्याने हसला. ज्या मशिनी बसवायला तो आला होता, त्यांचीच ती खोकी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा घाबराघुबरा फोन आला.

“ताई, त्यो अजून भाईर आला न्हाई. जिता हाय न्हवं?”

रविवार होता. माणूस घोरत पडला होता.

पुढे तो संध्याकाळी ओसरीतल्या लाल कोचावर बसून आक्कांच्या हातचा चहा प्यायला लागला. तसे फोटो त्याने ऑफिसात सगळ्यांना दाखवले. दिवाळी आली आणि गेली, गोडाऊनचं नावही कोणी काढलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग दुसऱ्या लाइनचं काम निघालं. जास्त माणसं येणार होती आणि प्रत्येकाला तिथेच राहायचं होतं. साहेबांना आता खालचा मजलाही हवा झाला. मुलाशी परस्पर बोलणं होऊन तेही ठरलं. मुलगा वाईट नाही हो. “आई, हे सगळं तुझ्यामुळे झालं,” असं तो अगदी मनापासून म्हणाला. घर राहावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, आणि ते इतकं देखणं झालं की त्यांनाच त्यात जागा उरली नाही. मला साहेबांचा राग आला, मुलाचा आला. मी साहेबांकडे जाऊन बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरी फाइल उघडली.

खालच्या घरासाठी फर्निचर निवडायलाही आक्काच माझ्याबरोबर होत्या. सुताराने पलंग आणून माजघरात ठेवला त्या दिवशी त्या सौदागरला निघणार होत्या. भांडी, देव सगळं गाडीत गेलं होतं. या माजघरात त्या जमिनीवरच वाकळ टाकून झोपायच्या.

“पलंग कुठं लावू?” सुताराने विचारलं.

आक्काच खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“हितं लावा. मी हितंच झोपते. हितं झोप लागती.”

पलंग लागला. त्यांनी वाकळ झटकली, नीट घडी घातली आणि पायथ्याशी ठेवली. बाहेर मुलगा गाडीचं दार उघडून उभा होता. मला रडू आवरत नव्हतं. त्यांचे डोळे मात्र कोरडे होते आणि कपाळावर तीच नेहमीची काळजी होती.

“ताई, पाव्हन्याला सांगाल न्हवं? पहाटं ही भिंत लई गार पडती. म्हनावं, वाकळ हाय, घे अंगावर.”