चौथ्या मजल्याचं बटण

उत्तराची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली. मग ती ब्रेल शिकली, हुबळीच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाली. आई गेल्यावर देशपांडे नगरातल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहू लागली. अकरा वर्षं ती लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जात होती. जुनी बटणं उठावाची होती; खालून पाचवं तिचं.

या मार्चमध्ये सोसायटीनं नवी लिफ्ट बसवली. संध्याकाळी उत्तरानं हात फिरवला, तर हाताला नुसती गुळगुळीत काच लागली. बोट टेकेल तो आकडा दाबला गेला. दार उघडलं, चौथा आला असं समजून ती बाहेर पडली आणि पावलं मोजत जाऊन कुलपाला किल्ली लावली.

"यारू? कोण आहे?" आतून एक बाई किंचाळली. तो तिसरा मजला होता. शेजारी गोळा झाले. उत्तरा माफी मागत जिना चढली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सेक्रेटरी शेषगिरी माणूस भला. त्यानं काचेवर उठावाचे ठिपके चिकटवून दिले. पण ठिपके चाचपायला जावं, तर बोट लागताच लिफ्ट निघायची.

"वॉचमनला सांगतो, अक्का. तो दाबून देईल."

"अण्णा, आजवर मला कुणी दाबून द्यावं लागलं नाही. मी तीच आहे. बदललीय ती लिफ्ट."

मीटिंगमध्येही तिनं हेच सांगितलं. "एका माणसासाठी पॅनेल बदलायचं?" कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा निवृत्त वकील भीमसेनकाका उठले. "एकासाठी नाही. मलाही ते आकडे दिसत नाहीत. पंधरा दिवस जिन्यानं चढतोय. सांगायची लाज वाटली."

मग ठरलं: उठावाची मोठी बटणं, शेजारी ब्रेल आणि मजला सांगणारा आवाज. पॅनेल बसवायला आलेल्या स्वप्नीलनं विचारलं, "मॅडम, किती उंचीवर लावू?"

"मला कुठंही चालेल. दुसऱ्या मजल्यावरच्या दीपश्रीला विचार. ती व्हीलचेअरवर असते, वरचे आकडे तिच्या हाताला येत नाहीत."

दीपश्रीनं हात लांबवून जागा दाखवली. पॅनेल चांगलं हातभर खाली आलं.

"नाल्कने महडी," चौथा मजला आल्याचं लिफ्टनं कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा उत्तरा एकटीच हसली.

जूनमध्ये फाटकाला नवं कुलूप घ्यायचं निघालं. ऑर्डर देण्याआधी शेषगिरी नमुना घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "अक्का, जरा हात लावून बघा."