एकोणीस चाव्यांचा मान

कारंज्याच्या पन्नालाल शेठच्या कापसाच्या जिनिंगात जगदेव गोदाम सांभाळायचा. कामाची चावी एक, कमरेला मात्र एकोणीस. त्यात कचेरीची होती, कपाटांच्या होत्या, शेठच्या घरच्या देवघराचीसुद्धा होती. दसऱ्याला शेठ तराजूशेजारी तो जुडगा ठेवून फुलं वाहायचे आणि सगळ्यांदेखत जगदेवच्या हाती द्यायचे. त्या दिवशी तो गडी कसला, गावचा पाटीलच वाटायचा.

सत्त्याहत्तर साली शेठचा मुलगा अजितकुमार मुंबईहून कॉम्प्युटरचं काम शिकून आला. जुडगा पाहून म्हणाला, "जगदेवकाका, तिथं मशीनवरच्या प्रोग्रामलेबी कामापुरतीच माहिती उघडून देतात, बाकी सारी बंद. तुमाले गोदामाची चावी पुरे. उद्या काही झालं, तं बाकीच्या दारांचं तुमच्यावर येनार नाही."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण जगदेवला तो अपमान वाटला. जुडगा काढून देत तो म्हणाला, "बावीस वर्सांत सुतळीचा तोडा गेला नाही. मंग माह्यावरचा इस्वास काहून उठला?" दोन दिवस तो जेवला नाही. शेठ विरघळले आणि जुडगा परत कमरेला आला.

दिवाळीनंतर देवघरातलं चांदीचं छत्र गेलं. कुलूप शाबूत. रोज विहिरीवर आंघोळ करताना जगदेव जुडगा खुंटीला टांगायचा, हे अख्ख्या जिनिंगाला ठाऊक होतं. ते दार आपण जन्मात उघडलं नाही, असं त्याने फौजदाराला शपथेवर सांगितलं.

"मंग चावी कायले ठेवली?" फौजदाराने विचारलं.

शेठने त्याला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी जुडग्यासाठी नुसता हात पुढे केला. अजितकुमार गोदामाची चावी वेगळी काढून जगदेवला देऊ लागला, तर शेठ म्हणाले, "राहू दे."

घरी बायकोने, रंगूबाईने, भाकर वाढली. मग हळूच विचारलं, "मले तरी खरं सांगा. तुमी तं नाही ना नेलं?"

"नाही," जगदेव म्हणाला. फौजदारालाही त्याने हेच सांगितलं होतं. रंगूबाईने मान हलवली.

तिच्या पत्र्याच्या पेटीची चावी लग्नापासून कोनाड्यात उघडी पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी ती तिच्या पदराला बांधलेली होती.