रोलला उजेड लागला, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं त्या पाटोळेसरांनाही नाही. मग तुम्हालाच का? माहीत नाही. तसं माझं बरं चाललंय. स्वतःचा स्टुडिओ आहे, गुडघे अजून वाकतात, हाताला काम आहे. म्हणजे हे रडगाणं नव्हे. पण तरीही—

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात शिकाऊ फोटोग्राफर म्हणून लागले. पाटोळेसर तिथले मुख्य छायाचित्रकार. शिरोळकडं पूर आला की आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून जायचो, आणि सर पहिला तासभर मला फोटोच काढू द्यायचे नाहीत. "आदी माणूस बघ की! कॅमेरा काय पळून चाललाय व्हय?" कुस्तीच्या मैदानात ते म्हणायचे, जिंकणाऱ्याला सगळेच टिपतात, तू हरलेल्याच्या वस्तादाकडं बघ. माणसाचा चेहरा बदलायच्या आधी त्याचे हात बदलतात, हे मला तिथं कळलं.

चार वर्षांनी दैनिक सोडलं आणि लग्नांचे फोटो घ्यायला लागले. तेव्हा लग्नाचा फोटो म्हणजे रांगेत, ताठ मानेनं, श्वास रोखून. तसे मी काढायचेच. पण मधल्या वेळात माझी बातमीदारी चालायची. मुंडावळ्या बांधताना गाठ चुकणारी आईची बोटं, पंगतीत सांडलेला रस्सा आणि त्यावर खो-खो हसणारी वरमाई. लोकांना आवडायला लागलं. मग बारशी आली, डोहाळजेवणं आली, एका चपलांच्या दुकानाची जाहिरातसुद्धा आली. तिथं मी चपलेच्या आधी ती शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघत बसले होते, दुकानदार वैतागला. छान दिवस होते. खरंच छान होते.

मग पेठ वडगावचं लग्न.

नवरीचं नाव संगीता. वडील गडहिंग्लजकडचे शेतकरी, फार मऊ माणूस. जेवणावळी सुरू झाल्यावर मानपानावरून मुलाचे वडील बिघडले. मांडवाच्या मागं, चुलाणांजवळ दोघं व्याही बोलत होते. मी तिथं भाकरी थापणाऱ्या बायकांचे फोटो घ्यायला गेले होते. संगीताच्या सासऱ्यांचा हात ताठ झालेला दिसला आणि माझा कॅमेरा आपोआप वर गेला. त्यांनी व्याह्याच्या कानाखाली मारली. फेटा खाली पडला. मी एकच फोटो काढला. त्यात मागं, मांडवाच्या दारात संगीता उभी आहे, बाशिंग बांधलेली.

बायका पाठमोऱ्या होत्या, त्यांना काही दिसलं नाही. वडिलांनी फेटा उचलला, झटकला, पुन्हा डोक्यावर ठेवला आणि मांडवात जाऊन हसत आग्रह करकरून वाढायला लागले.

तो फोटो मी अल्बममध्ये घातला नाही. त्यात काय वावगं? कोण घालेल? वावगं पुढं आहे.

दोन वर्षांनी संगीता स्टुडिओत आली. एकटीच. माहेरी परतली होती. सासरी ऊठसूट तिच्या बापाचा उद्धार व्हायचा. आता दोन्हीकडच्या थोरांची बैठक बसणार होती, आणि सासरचे म्हणत होते की लग्नात असलं काही घडलंच नाही, पोरगी रचून सांगते. वडील? ते अब्रूपायी गप्प. स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा त्यांच्या तोंडून 'मला मारलं' हे निघत नव्हतं.

"ताई, त्या दिवशी तुमचा कॅमेरा वर गेलेला मी बघितलाय. त्यो फोटो हाय न्हवं?"

होता. माझ्या पाठीमागच्या कपाटात, निगेटिव्हच्या पाकिटात. आणि त्या सासऱ्यांच्या भावकीतली तीन लग्नं त्या मोसमात माझ्याकडं होती. वडगावात त्यांचा शब्द चालायचा; त्यांनी मनावर घेतलं असतं तर मला त्या भागात कुणी बोलावलं नसतं.

मी म्हणाले, "त्या शेवटच्या रोलला उजेड लागला गं. सगळा वाया गेला."

घाबरले होते म्हणू? घाबरलेलं माणूस अडखळतं. मी अडखळले नाही. हळहळल्यासारखा चेहराही केला. बाकी सगळ्यांचे चेहरे वाचणारी मी—मला माझा चेहरा किती सहज बदलता आला!

तीच मला म्हणाली, "असू दे ताई. तुमी तरी काय करणार?"

बैठकीत तिला सगळ्यांदेखत खोटारडी ठरवलं. हे मला कळलं त्या भावकीतल्याच एका लग्नात. अक्षता पडत होत्या, मी नवरीचे डोळे टिपत होते. फोटो चांगला आला.

संगीता मोडली नाही, हे तिचं कर्तृत्व. माझा त्यात काडीचा वाटा नाही. काडीमोड झाला, ती नर्सिंग शिकली, गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात लागली. कितीतरी वर्षांनी, माझ्या हातात डिजिटल कॅमेरा आल्यावर, ती एका शिक्षकाला घेऊन स्टुडिओत आली. नोंदणी लग्न करायचं होतं, आणि फोटो ताईंनीच काढायचे असा तिचा हट्ट. नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून तिच्या वडिलांनी सही केली. पेन धरलेली त्यांची बोटं मी टिपली. नवरानवरी इतकी हसत होती, की मलाही हसू आवरेना. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम. त्या दिवशी मला झालेला आनंद खोटा नव्हता.

निघताना तिनं माझा हात धरला. "त्या टायमाला तुमी माझ्याशी नीट बोललासा ताई. बाकी कुणी बस बी म्हणलं न्हवतं."

तेव्हा सांगता आलं असतं. बाकीचे बाहेर गेले होते, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या केसांतला गजरा नीट केला आणि म्हणाले, सुखानं नांद.

ती सुखात आहे. तिचे वडील आता नाहीत. रोल वाया गेला नव्हता. संगीता खरं बोलत होती, ते मला माहीत होतं, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले.