उस्मानचाचांचे मासे मी बंद केले

“ह्यांचे मासे कुणी बंद केले?”

दर गुरुवारी ठाण्याहून एक हार्ट स्पेशालिस्ट निजामपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात यायचे. उस्मानचाचांना तपासून त्यांनी बाहेर बसवलं आणि केस पेपर वाचता वाचता हे विचारलं. अक्षर माझंच होतं. ‘नॉनव्हेज पूर्ण बंद.’ खाली दोन रेघा मारलेल्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. चाचा लूमवाले, यंत्रमागावर कापड काढणारे. कारखान्याच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. पक्के कोकणी मुसलमान, मासळीशिवाय जेवणाला जेवण न म्हणणारे. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. त्यातून वाचले आणि पुढची देखरेख माझ्याकडे आली. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. ही एक प्रकारची चरबी, ती साचत गेली की हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद होतात. मी मटण बंद केलं, ते बरोबरच होतं.

“और मच्छी?” चाचांनी तेव्हा विचारलं होतं.

“मच्छी म्हणजे नॉनव्हेजच की.”

“पर डॉक्टरबाई, लहानपणापासून खातो मी.”

“मग अटॅक का आला?”

मला माझं उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

“मग आता हे खातात काय?” स्पेशालिस्टांनी विचारलं.

“बटाटा, डाळ. पुऱ्या.”

“पुऱ्या कशात तळतात?”

“वनस्पती तुपात,” मी म्हणाले. चाचाच एकदा आपणहून बोलून गेले होते.

“म्हणजे बांगडा काढून घेतलात आणि तूप चालू ठेवलंत.”

चाचांचं वजन सात किलो उतरलं होतं. कोलेस्टेरॉल मात्र जागचं हललं नव्हतं. स्पेशालिस्टांनी मला विद्यार्थिनीसारखं समजावलं. बांगडा, तारली अशा माशांच्या तेलात ओमेगा-थ्री नावाची चरबी असते, ती हृदयाला चांगली. शिवाय माशातलं प्रोटीन पचायला हलकं. आठवड्यातून दोन-तीनदा कालवण करून खावं, तळून नको, मीठ बेताचं.

“मासे बंद करायचे, हे तुम्ही वाचलंत कुठे?”

कुठेच नव्हतं वाचलं. मी पुण्याच्या शाकाहारी घरातली. आमच्याकडे मासळीवाली गल्लीत आली की आई खिडकी लावून घ्यायची. ती खिडकी मी औषध म्हणून चाचांना लिहून दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्पेशालिस्ट गेल्यावर चाचा आणि आमिनाचाची आत आले. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “रिपोर्ट सुधारलाय, चाचा. आता मासे चालतील.”

हे धडधडीत खोटं होतं.

चाचा पहिल्यांदाच हळू बोलले. “सच? दीड साल झाला, घरच्यांबरोबर जेवाया बसलो न्हाय मी. वास आला का मन जायचा. म्हणून माझा ताट आतल्या खोलीत. ईदला पन.”

“अल्ला तुमचं भलं करो,” चाची म्हणाली. तिनं माझे दोन्ही हात धरले. ते सोडवून घ्यायचंही मला सुचलं नाही.

तीन महिन्यांत चाचांचं वजन भरलं. माझ्या सांगण्यावरून तूप सुटलं, बांगडा आला, आणि पुढचा रिपोर्ट खरोखरच सुधारला. त्या आनंदात चाची शेवयांचा डबा घेऊन आली. डब्यावर दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.

“नवा हाय,” ती म्हणाली. “पातेला पन नवा घेतला. तुमच्यात चालत न्हाय ना आमच्या भांड्यातला. बेफिकीर खावा.”

मी काय खाते, हे तिनं न विचारता ध्यानात ठेवलं होतं. तिच्या घरी काय शिजतं आणि कशात, हे दीड वर्षात मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवया गोड होत्या. मला दोन घासांपलीकडे गेल्या नाहीत.

तेव्हापासून माझ्या केस पेपरवर पहिला प्रश्न असतो, घरी काय शिजतं? पेशंट बोलतो, मी लिहून घेते, पथ्याचं त्यानंतर.

चाचा पुढे अकरा वर्षं जगले. दर महिन्याला तपासायला यायचे, आणि मासे परत दिल्याबद्दल दर वेळी माझे आभार मानायचे. खरं सांगायला अकरा वर्षं पुष्कळ झाली. मी सांगितलं नाही.