पाणकावळ्यांतला डेल

विल्डा क्रेनशॉला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. पहाटे बेकरीत पाव भाजायचे आणि उरलेला दिवस किल्ली देऊन चालवायचा सिनेमाचा कॅमेरा गळ्यात अडकवून सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार तुडवायचे, हा तिचा सदुसष्ट सालचा परिपाठ. तिचे सिनेमे तीन-तीन मिनिटांचे. ना गोष्ट, ना आवाज. कधी फुगणारी कणीक, कधी फिल्मवरच ब्रशानं ओढलेले रंग. शनिवारी मागच्या अंगणात चादर ताणायची आणि गांजाच्या धुरात सगळ्यांनी बघायचे.

ती इतर सिनेमावेड्यांसोबत राहायची त्या घराची एक रीत होती. चित्रण झालेलं, पण अजून न धुतलेलं रीळ फ्रिजमध्ये ठेवलं की ते सगळ्यांचं. कुणीही उचलावं, अंधारात उलटं गुंडाळावं आणि त्याच्यावरच आपलं चित्र घ्यावं. दोघांची स्वप्नं एकमेकांत कशी मिसळतात ते बघायचं. रीत पाडली होती विल्डानंच.

जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ डेल व्हिएतनामला निघाला. निघायच्या सकाळी तो अंडी खात बसला असताना तिनं अख्खं रीळ त्याचं चित्र घेण्यात घातलं. मग हाताच्या सवयीनं ते फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवलं आणि त्याला बसवर सोडायला गेली.

परत येते तर रीळ गायब. वरच्या खोलीतला ऑगी ते घेऊन समुद्रावर जाऊन आला होता.

"पांढरं आभाळ आणि त्यात काळे पाणकावळे," तो म्हणाला. "बघशील तर वेडी होशील."

"झालेच आहे."

रीळ लॅबमधून धुऊन येईस्तोवर तिच्या जिवाला थारा नव्हता. पाव करपले, मालकाची बोलणी खाल्ली. स्टॉकटनहून आईचा रोज फोन.

"आला का गं पोराचा पिक्चर?"

"त्याच्यावर पक्षी बसलेत, आई."

"मग हुसकून लाव की. मोठी कॅमेरावाली तू."

रीळ आलं तेव्हा ऑगीनं भरदुपारी खिडकीला घोंगडी लावून सिनेमा दाखवायचं यंत्र सुरू केलं. पांढऱ्याफटक आभाळानं डेलला पार गिळलं होतं. विल्डा उठली, बसली, परत उठली. तेवढ्यात एक पाणकावळा आडवा गेला आणि त्याच्या काळ्या अंगात डेलचा गाल दिसला. दुसऱ्याच्या पंखात काटा धरलेला हात. जिथं काळं होतं, तिथंच भाऊ उरला होता.

"शनिवारी लावू," ऑगी म्हणाला. "लोक नाचतील."

"एकच प्रत आहे. चालवू तेवढे ओरखडे पडतील."

"ओरखडेपण सिनेमाच, तूच म्हणतेस."

"माझ्या सिनेमाचं म्हणते, मुडद्या. यंत्र उचल, आईकडे जायचंय."

संध्याकाळी स्टॉकटनला आईच्या भिंतीवर पक्षी उडाले. आईनं ॲप्रनचं टोक तोंडाशी धरलं. रीळ संपलं.

"परत लाव."

"झिजेल, आई. पुसला जाईल तो."

"तो आला की समोर बसवून नवा काढ. आता परत लाव."

विल्डानं क्षणभर रीळ हातात धरून ठेवलं. मग परत लावलं.